कंट्रोल सेंटरच्या डेटाबेसचा डेटा ऑटोमेट करायचा म्हणजे नक्की काय करायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. राज्याच्या लोड डिस्पॅच सेंटरमध्ये, म्हणजे राज्याची ग्रिड सांभाळणाऱ्या कंट्रोल सेंटरमध्ये, स्काडा-ईएमएसच्या (सबस्टेशनचा जिवंत डेटा दाखवून ग्रिडची गणितं करणाऱ्या सिस्टमच्या) डेटाबेसचं काम तुमच्याकडे आलंय. दर महिन्याला नवीन सबस्टेशन, नवीन बे (एका लाईनचा किंवा ट्रान्सफॉर्मरचा स्विचगियरचा कप्पा), कुठलीतरी लिलो (चालू लाईन तोडून नव्या स्टेशनात आत-बाहेर नेणं) हे चालूच असतं, साइटवरून एक्सेलची पॉइंट लिस्ट (कुठला सिग्नल कुठल्या पत्त्यावर येतो त्याची यादी) आणि एसएलडीची, म्हणजे सबस्टेशनच्या सिंगल लाईन डायग्रॅमची, पीडीएफ येते, ती बघून तुम्ही एडिटरमध्ये हाताने भरता, एका सबस्टेशनला आठवडा जातो आणि आता साहेब म्हणतात पायथन लावून ऑटोमेट करा. शिवाय तुम्ही विचारलंय की एसएलडी थेट एआयला देऊन मॉडेल काढून घेता येईल का. मी आधी आरटीयू (सबस्टेशनमधून सिग्नल सेंटरला पाठवणारं यंत्र) कमिशनिंग आणि मग डेटाबेस अशी बरीच वर्षं याच कामात आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक करा. मागच्या एक-दोन सबस्टेशनच्या वेळी तो आठवडा कशात गेला ते आठवून कागदावर मांडा. माझा अंदाज आहे की टायपिंगला एक-दीड दिवस गेला असेल आणि बाकी सगळा वेळ फोनवर. सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) रेशो ८०० का ४००, लिस्टमधला बे नंबर ड्रॉइंगशी का जुळत नाही, लाईनची लांबी एका पत्रात ४२ किमी आणि दुसऱ्यात ८४ कशी, हा आयसोलेटर (भाग वेगळा करायचा स्विच) खरंच वायर केलाय की नुसता लिस्टमध्ये आहे. पॉइंट लिस्ट टेस्टिंगवाल्यांनी केलेली असते, एसएलडी प्रोजेक्टवाल्यांची, कंडक्टर आणि लांबी लाईन कन्स्ट्रक्शनकडून येते, आणि प्रोटेक्शनवाल्यांच्या रिले सेटिंगच्या शीटमध्ये त्याच लाईनचा चौथाच इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा अडथळा) असतो. खरी अडचण ही आहे की एकाच वस्तूबद्दल चार कागद चार गोष्टी सांगतात आणि त्यातलं कुठलं धरायचं हे तुम्ही एकटे, डेडलाईन डोक्यावर असताना ठरवताय. यावर नुसती टायपिंगची स्क्रिप्ट लावली तर तोच चुकीचा डेटा दहा मिनिटांत आत जाईल, आणि हाताने भरताना निदान तुमची नजर फिरत होती, तुम्हाला खटकत होतं, तेही जाईल. म्हणून माझा सल्ला असा की आधी तपासणी ऑटोमेट करा, मग मॉडेल बनवणं आणि सगळ्यात शेवटी लोडिंग. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात कारण लोडिंगचा डेमो छान दिसतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमच्या व्हेंडरच्या सिस्टमला बल्क इम्पोर्ट आहे का, कुठल्या फॉरमॅटमध्ये, आणि तो फक्त बदल घेतो की पूर्ण मॉडेल परत मागतो. तुमच्याकडे स्टेट एस्टिमेटर (सगळी मोजमापं मॉडेलशी जुळवून ग्रिडची स्थिती काढणारा प्रोग्राम) रोज वापरात आहे की फक्त स्काडा बघितला जातो, कारण नुसता स्काडा असेल तर लाईनचे पॅरामीटर चुकीचे असले तरी वर्षानुवर्षं कोणाला कळत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अपुरा फॉर्म परत पाठवायचा अधिकार तुमच्या ऑफिसला आहे का. हा अधिकार नसेल तर कितीही कोड लिहा, पहिली लढाई तीच आहे. नवीन एलिमेंट चार्ज करायच्या, म्हणजे त्यात वीज सोडायच्या, आधी फर्स्ट टाइम चार्जिंगची कागदपत्रं लोड डिस्पॅच सेंटरला द्यावीच लागतात, ती वेळ पकडा. चार्जिंगच्या आधी सगळे फोन उचलतात, चार्ज झाल्यावर कोणी उचलत नाही.

आता कामाकडे. सुरुवात नावांपासून, आणि याला मी सगळ्यात जास्त वेळ द्यायला सांगीन. आपल्याकडे एकाच सबस्टेशनला किती नावं असतात बघा. ४०० केव्ही कोल्हापूर कोणी कोल्हापूर लिहितं, कोणी तळंदगे. पॉवरग्रिडचं पुणे हेच कोणाच्या शीटमध्ये तळेगाव पीजी असतं. गोव्याला जाणाऱ्या ४०० केव्ही लाईनचं टोक एका कागदात म्हापसा आणि दुसऱ्यात कोलवाळ. त्यात औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर, त्यामुळे जुन्या शीट जुन्या नावाने आणि नवीन शीट नवीन नावाने येणार, आणि इंग्रजी स्पेलिंगचे प्रकार तर विचारूच नका. स्क्रिप्टला नावावरून जोडायला लावलंत की ती कधीतरी दोन वेगळी स्टेशनं एक समजेल किंवा एकाच स्टेशनची दोन बनवेल.

उपाय साधा आहे पण शिस्त लागते. प्रत्येक उपकरणाला, म्हणजे सबस्टेशन, बे, ब्रेकर, लाईन, ट्रान्सफॉर्मर, मोजमाप सगळ्याला, एक कायमचा आयडी द्यायचा ज्यात काहीही अर्थ भरलेला नाही, आणि नावं त्याला वेगळ्या टेबलात लटकवायची: स्काडातलं नाव, एसएलडीवरचं नाव, आयसीसीपीतलं (सेंटर ते सेंटर डेटा पाठवायच्या प्रोटोकॉलमधलं) नाव, जुनं नाव. कॉमन इन्फर्मेशन मॉडेलमध्ये (सीआयएम), म्हणजे ग्रिडचं मॉडेल लिहायच्या आयईसी ६१९७० या स्टँडर्डमध्ये, प्रत्येक वस्तूला असा मास्टर रिसोर्स आयडी असतो तो याचसाठी. तुमचा व्हेंडर सीआयएम देत नसला तरी ही कल्पना उचला, पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये चार टेबलं केलीत तरी काम होतं. नाव बदललं तर नावाची एक ओळ बदलते, आयडी तोच राहतो आणि जुना हिस्टोरिकल डेटा तुटत नाही. अंदाजे जुळणारी नावं शोधायला फझी मॅचिंगची लायब्ररी जरूर वापरा, पण तिला फक्त सुचवू द्या. अमुक नाव म्हणजे तमुक स्टेशन हे एकदा माणसाने मान्य केलं की ते नावांच्या टेबलात कायमचं जातं आणि पुढच्या वेळी प्रश्न येत नाही. आयसीसीपीच्या नावाला ३२ अक्षरांची मर्यादा असते, त्यामुळे तिथली नावं कापून होतात आणि कापल्यावर दोन फीडर एकसारखे दिसायला लागतात. ते नाव आयडीवरून नियमाने तयार करा आणि डुप्लिकेट आलं तर तिथेच थांबवा. पश्चिम विभागाच्या लोड डिस्पॅच सेंटरला तुमच्याकडून जो डेटा जातो तो याच नावांवर चालतो, इकडे नाव बदललं आणि तिकडे कळवलं नाही की तिकडची व्हॅल्यू गेलीच.

नंतर फॉर्म. साइटला मोकळी एक्सेल देऊ नका, ड्रॉपडाऊन आणि लॉक केलेल्या सेलचा एकच फॉर्म द्या. त्यात जेवढं मोजून काढता येतं ते मागू नका. पर युनिट इम्पीडन्स (ठरलेल्या बेसच्या पटीत मांडलेला) कोणाकडूनही मागू नका हे तर मी हात जोडून सांगतो. कंडक्टर कुठला, बंडल किती, सर्किट एक का दोन, रूट किमी किती एवढंच मागा आणि आर-एक्स-बी (रेझिस्टन्स, रिअॅक्टन्स, सस्सेप्टन्स) तुम्ही तुमच्या टेबलातून काढा. ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटचा फोटो मागा आणि टक्के इम्पीडन्स तिथून घ्या. ३१५ एमव्हीए आयसीटीचा (दोन व्होल्टेज लेव्हल जोडणाऱ्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा) १२.५ टक्के इम्पीडन्स हा त्याच्या स्वतःच्या बेसवर असतो, १०० एमव्हीए बेसवर तो ०.०४ च्या जवळ येतो, आणि कोणीतरी तो ०.१२५ असाच भरून टाकतं. मग मॉडेलमध्ये तो आयसीटी खऱ्यापेक्षा तिप्पट अडवणारा होतो आणि लोड शेजारच्या आयसीटीवर गेल्यासारखा दिसतो. आपल्याकडे व्होल्टेज लेव्हलचाही घोळ होतो, कोल्हापूर-सांगलीकडे ११० केव्ही आहे, मुंबई-ठाण्याकडे १०० आहे आणि बाकी ठिकाणी १३२. १०० एमव्हीए बेसवर बेस इम्पीडन्स ११० ला १२१ ओहम आणि १३२ ला १७४.२४ ओहम, म्हणजे ड्रॉपडाऊनमध्ये एक चुकीची निवड झाली की सरळ ४४ टक्के फरक. म्हणून बेस केव्ही स्टेशनच्या रेकॉर्डमधून उचला, फॉर्ममधून घेऊ नका.

टोपॉलॉजीसाठी, म्हणजे कशाला काय जोडलंय त्यासाठी, बे टेम्प्लेट करा. ४०० केव्हीला बहुतेक ठिकाणी वन-अँड-हाफ ब्रेकर असतं, एका डायामध्ये (दोन बसच्या, म्हणजे सगळे फीडर जुळतात त्या सामाईक वाहकांच्या, मधल्या ओळीत) तीन ब्रेकर आणि दोन सर्किट, २२० ला डबल मेन (दोन मुख्य बस) किंवा डबल मेन अँड ट्रान्सफर. असे सात-आठ प्रकार पकडले की तुमची बहुतेक स्टेशनं त्यात बसतात. प्रत्येक टेम्प्लेटमध्ये ब्रेकर, आयसोलेटर, अर्थ स्विच, त्यांची नोडशी जोडणी, अपेक्षित सिग्नल आणि डिस्प्लेवरची जागा हे सगळं आधीच ठरलेलं. साइटने फक्त सांगायचं की डाया ३ मध्ये इकडे अमुक लाईन आणि तिकडे आयसीटी २. स्क्रिप्ट त्यावरून पूर्ण नोड-ब्रेकर मॉडेल (प्रत्येक स्विच आणि जोडबिंदू दाखवणारं) काढते आणि टेम्प्लेटप्रमाणे यायला हवेत ते पॉइंट लिस्टमध्ये आलेत का बघते. जे बसत नाही, म्हणजे अर्धवट डाया, भविष्यातला बे, जुन्या स्टेशनची काहीतरी वेगळीच जोडणी, ते हाताने करा आणि टेम्प्लेटमध्ये कोंबू नका. वीस टक्के अपवादांसाठी टेम्प्लेटला फाटे फोडत बसलात तर वर्षभराने तो कोड तुम्हालाच वाचता येणार नाही.

डिस्प्लेबद्दल जास्त लिहीत नाही. टेम्प्लेटमधून पहिला ड्राफ्ट निघतो, शेवटचा हात शिफ्टमधल्या इंजिनिअरला बसवून फिरवा कारण रात्री तीन वाजता तो स्क्रीन त्याला वाचायचा आहे.

आता तपासणी, जिच्यासाठी हे सगळं चाललंय. ती दोन थरांत करा. पहिला थर कागदाचा, म्हणजे काहीही लोड न करता फाईलवरच चालणारा. आरटीयू १०४ प्रोटोकॉलवर (आयईसी ६०८७०-५-१०४, सेंटरशी बोलायची भाषा) असेल तर प्रत्येक पॉइंटचा टाइप, कॉमन अॅड्रेस आणि ऑब्जेक्ट अॅड्रेस बघा, डुप्लिकेट अॅड्रेस तर एका ओळीच्या कोडमध्ये सापडतात. ब्रेकरचं स्टेटस डबल पॉइंट (दोन कॉन्टॅक्टवरून येणारं) असायला हवं, म्हणजे टाइप ३ किंवा टाइम स्टॅम्पसकट ३१, आणि तिथे सिंगल पॉइंटचा १ किंवा ३० आला तर विचारा. अॅनालॉग टाइप १३ म्हणजे फ्लोट असेल तर व्हॅल्यू सहसा थेट मेगावॅटमध्येच येते आणि स्केल १ असायला हवी, टाइप ९ म्हणजे नॉर्मलाइज्ड असेल तर फुल स्केल हवीच. ती फुल स्केल स्वतः काढा: २२० केव्ही आणि ८०० अॅम्पिअर सीटीला रूट तीन गुणिले केव्ही गुणिले करंट म्हणजे साधारण ३०५ एमव्हीए. फॉर्ममध्ये १५२ लिहिलं असेल तर कोणीतरी ४०० चा सीटी धरलाय, फोन करायची जागा ती. ट्रान्सफॉर्मरच्या टॅपचं वेगळं बघा, काही ठिकाणी तो बीसीडीमध्ये (प्रत्येक दशांश अंक चार बिटांत) येतो आणि सेंटरला साधा बायनरी म्हणून वाचला जातो. मग ९ पर्यंत सगळं बरोबर दिसतं आणि १० व्या टॅपला अचानक १६ येतं. टॅप ९ किंवा त्याच्या खालीच फिरत असेल तर ही चूक महिनोन्महिने झाकलेली राहते.

लाईनच्या पॅरामीटरसाठी प्रति किमी आकडा काढून बघायचा. ४०० केव्ही ट्विन मूसला (मूस, झेब्रा ही कंडक्टरची नावं) रिअॅक्टन्स किमीला ०.३३ ओहमच्या जवळ आणि रेझिस्टन्स ०.०३ च्या जवळ येतो, २२० केव्ही सिंगल झेब्राला रिअॅक्टन्स ०.४० आणि रेझिस्टन्स ०.०७. यापासून दहा टक्क्यांहून लांब असेल तर स्क्रिप्टने लाल करावं. पण एक चूक यातून सुटते, ती म्हणजे डबल सर्किट लाईनची लांबी सर्किट किमीमध्ये, म्हणजे दोन्ही सर्किटची मिळून, दिलेली, ४२ किमीची लाईन ८४ म्हणून. प्रति किमी आकडा तेव्हाही बरोबरच येतो. त्यासाठी दोन्ही सबस्टेशनचे अक्षांश-रेखांश टेबलात ठेवा आणि हवाई अंतराशी तुलना करा. लाईन हवाई अंतरापेक्षा कमी असू शकत नाही, आणि दीडपटीच्या वर गेली तर मी तरी विचारल्याशिवाय पुढे जात नाही. कोकणात आणि घाटात थोडी सूट द्या.

दुसरा थर जिवंत डेटाचा. पॉइंट टू पॉइंट टेस्टिंग झालं, चार्ज झालं, आता व्हॅल्यू यायला लागल्या की नियम आपोआप चालायला हवेत. ब्रेकर ओपन दाखवतोय आणि फीडरवर १२० मेगावॅट, म्हणजे स्टेटस उलटं तरी आहे किंवा दुसऱ्याच बेचं आहे. डबल पॉइंटमध्ये १ म्हणजे ओपन, २ म्हणजे क्लोज, आणि ० किंवा ३ तासन्तास राहिला तर ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट बघायला सांगा. बसवरच्या सगळ्या फीडरची बेरीज शून्याच्या जवळ यायला हवी. ती येत नसेल तर मी सगळ्यात आधी असा फीडर शोधतो ज्याचा फ्लो त्या फरकाच्या बरोबर अर्धा आहे, कारण एका फीडरची साइन उलटी असली की फरक त्याच्या दुप्पट येतो. हे स्क्रिप्टला शिकवा, दर पाच मिनिटांच्या स्नॅपशॉटवर दोन-तीन दिवस चालू द्या, आणि तोच फीडर परत परत निघाला की साइटला नावानिशी सांगता येतं की अमुक बेच्या मेगावॅटची साइन उलटी आहे, ट्रान्सड्यूसरची (मोजमापाचा सिग्नल बनवणाऱ्या उपकरणाची) पोलॅरिटी बघा. आमच्या स्टेशनला सगळं ठीक आहे हे उत्तर मग येत नाही, कारण तुम्ही नेमकं बोट ठेवलेलं असतं.

तसंच लाईनच्या दोन टोकांचं. मेगावॅटची बेरीज म्हणजे लॉस, तो छोटा आणि पॉझिटिव्ह असायला हवा. एका टोकाचा आकडा दुसऱ्याच्या सतत दुप्पट किंवा अर्धा असेल तर सीटी रेशो. मेगाव्हारकडे (रिअॅक्टिव्ह पॉवरकडे) लोक बघत नाहीत, पण तिथे खूप काही सापडतं. ४०० केव्ही ट्विन मूस लाईन किमीला साधारण ०.५५ मेगाव्हार चार्जिंग देते, म्हणजे १०० किमीची लाईन हलक्या लोडला दोन्ही टोकांनी मिळून ५५ च्या आसपास मेगाव्हार बाहेर टाकताना दिसली पाहिजे, लाईन रिअॅक्टर असेल तर तो वजा करून. बेरीज शून्याच्या जवळ आली किंवा उलट्या दिशेला गेली तर एका टोकाच्या मेगाव्हारची साइन उलटी आहे हे जवळपास नक्की. या तपासणीला स्टेट एस्टिमेटरही लागत नाही, पायथनच्या पांडास लायब्ररीच्या साध्या टेबलात होते. एस्टिमेटर असेल तर त्याचे रेसिड्युअल (मोजलेल्या आणि त्याने काढलेल्या आकड्यातला फरक) रोज साठवा आणि सतत वर राहणाऱ्या मोजमापांची यादी काढा. एका दिवसाच्या रेसिड्युअलवर विश्वास ठेवू नका, चुकीचा लाईन पॅरामीटर आणि चुकीचं मोजमाप दोन्ही सारखेच दिसतात. लोड बदलला तसा फरक बदलला तर पॅरामीटर किंवा सीटी रेशोवर संशय घ्या, फरक सगळ्या लोडला तेवढाच राहिला तर ट्रान्सड्यूसरचा ऑफसेट बघा.

मॉडेल आणि टेलिमेट्री एकमेकांना जोडलेली नसली तर काय होतं याचं एक उदाहरण नव्या माणसाने वाचलंच पाहिजे असं मला वाटतं, म्हणून थोडं लांबवतो. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडाच्या ऑन्टारिओत मोठा ब्लॅकआउट झाला, साधारण ५ कोटी लोक अंधारात गेले. कारणं बरीच होती, ओहायोत ३४५ केव्ही लाईन झाडांना लागून ट्रिप झाल्या, तिथल्या कंपनीची अलार्म सिस्टम बंद पडलेली होती आणि ऑपरेटरला ते माहीतच नव्हतं. पण त्या भागावर लक्ष ठेवणारा जो रिलायबिलिटी कोऑर्डिनेटर होता, एमआयएसओ, त्याचा स्टेट एस्टिमेटर दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला मोठा मिसमॅच दाखवायला लागला. ब्लूमिंग्टन ते डेनोइस क्रीक ही २३० केव्ही लाईन ट्रिप झाली होती आणि तिचं स्टेटस एस्टिमेटरला आपोआप मिळत नव्हतं. अॅनालिस्टने ते हाताने दुरुस्त केलं, पण एस्टिमेटर दर पाच मिनिटांनी चालवणारा ट्रिगर परत चालू करायचा राहिला. दुपारी ते लक्षात आल्यावर चालू केला तर परत सुटेना, कारण मधल्या काळात स्टुअर्ट–अटलांटा ही ३४५ केव्ही लाईन गेली होती आणि तिचंही स्टेटस मॉडेलला जोडलेलं नव्हतं. सगळं परत ऑटोमॅटिकवर आलं तेव्हा चार वाजून चार मिनिटं झाली होती, कॅस्केड (एकामागून एक लाईन पडत जाणं) सुरू व्हायच्या जेमतेम दोन मिनिटं आधी. दोन लाईनचं स्टेटस मॉडेलमधल्या योग्य जागी न पोचणं म्हणजे तुमच्या भाषेत मॅपिंगच्या एक्सेलमधल्या दोन ओळी. आपल्या लाईन शेजारच्या राज्याच्या किंवा पॉवरग्रिडच्या स्टेशनवर संपतात तिथे हेच होण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. म्हणून एक रिपोर्ट दर आठवड्याला आपोआप निघू द्या: मॉडेलमधल्या कुठल्या लाईनच्या कुठल्या टोकाला जिवंत स्टेटस नाही. ती यादी छोटी होत गेली पाहिजे, आणि ती साहेबांच्या टेबलावर गेली पाहिजे.

आता लिलो, कारण ऑटोमेशनची खरी परीक्षा तिथे होते. अ–ब लाईन आहे, मध्ये क स्टेशन आलं, लाईन तोडून क मध्ये आत-बाहेर केली. हाताने करताना लोक जुनी लाईन पुसतात आणि अ–क, क–ब अशा दोन नवीन काढतात, आणि त्या नादात अ च्या बेचा ब्रेकर, त्याचे पॉइंट, त्याचा इतिहास, त्याच्या लिमिट सगळं नवीन आयडीने तयार होतं. वर्षभराने कोणी त्या बेचा मागचा पीक विचारला की मिळत नाही. बे आणि मोजमाप अ स्टेशनचीच आहेत, ती हललेली नाहीत, बदलली आहे ती फक्त टोकाला जोडलेली लाईन. म्हणून मॉडेलचा बदल नेहमी फरकाच्या रूपात लिहा, काय काढलं, काय नवीन आलं, काय दुसरीकडे जोडलं. सीआयएममध्ये डिफरन्स मॉडेल म्हणून याची सोय आहे, नसेल तर तुमच्या टेबलांची टेक्स्ट फाईल काढून गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) ठेवा, फरक डोळ्यांनी वाचता येतो. लिलोसारखा बदल तारखेसकट ठेवा, कारण चार्जिंग पुढे ढकललं जातं हे तुम्हाला माहीत आहेच, आणि आज तयार केलेलं मॉडेल आजच आत घालता येत नाही.

आत घालताना बँकेत मेकर-चेकर असतं तसं ठेवा. स्क्रिप्ट फरक तयार करेल, एक माणूस तो वाचेल, दुसरा मान्य करेल. मान्य करायच्या आधी दोन जुने स्नॅपशॉट घ्या, एक पीकचा आणि एक रात्रीचा, आणि जुन्या व नव्या मॉडेलवर लोड फ्लो (कुठून किती वीज वाहते याचं गणित) चालवा. जिथे तुम्ही हात लावलेला नाही तिथले आकडे हलायला नकोत. कोल्हापूरला बे टाकला आणि चंद्रपूरकडचं व्होल्टेज बदललं तर फाईलमध्ये दुसरंच काहीतरी शिरलंय. पांडापॉवरसारखं मोफत साधन यासाठी पुरतं, व्हेंडरचा स्टडी मोड असेल तर आणखी चांगलं. मग स्टँडबाय सर्व्हर, मग ऑनलाइन, आणि परत मागे जायचा रस्ता आधी करून बघितलेला. हे सगळं शिफ्ट इंजिनिअरला आधी सांगून आणि संध्याकाळच्या पीकच्या वेळी अजिबात नको.

एआयचं विचारलंत. एसएलडीची पीडीएफ कॅडमधून निघालेली असेल तर तिच्यात टेक्स्ट असतंच, ते साध्या लायब्ररीने काढता येतं आणि डीएक्सएफ (कॅडची फाईल) मिळाली तर ब्लॉकची नावंसुद्धा. जुन्या स्कॅन केलेल्या ड्रॉइंगसाठी चित्र वाचणारं मॉडेल मदत करेल, पण ८९ए आणि ८९बी (दोन वेगळ्या बसचे आयसोलेटर) मधली अदलाबदल ते अगदी आत्मविश्वासाने करेल, आणि ती अदलाबदल म्हणजे फीडर चुकीच्या बसवर. मी त्याचा उपयोग फक्त उलटतपासणीला करीन: मॉडेल टेम्प्लेट आणि फॉर्ममधून बनलं, ड्रॉइंगमधून वाचलेले बे नंबर त्याच्याशी जुळतात का बघा, जुळले नाहीत तर माणसाला दाखवा. आणि कृपा करून सबस्टेशनची ड्रॉइंग आणि आरटीयूचे आयपी अॅड्रेस असलेल्या लिस्ट बाहेरच्या चॅट सर्व्हिसवर टाकू नका. सीईएने (केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने) २०२१ मध्ये पॉवर सेक्टरसाठी सायबर सुरक्षेच्या गाईडलाईन काढल्या आहेत, तुमच्या ऑफिसच्या सिक्युरिटी ऑफिसरला विचारल्याशिवाय कुठलंही टूल त्या नेटवर्कजवळ नेऊ नका. पायथनच्या लायब्ररी बाहेरच्या मशीनवर उतरवून, तपासून, मंजुरीने आत न्याव्या लागतात, त्याला वेळ लागतो तो प्लॅनमध्ये धरा.

नवीन सबस्टेशन आयईसी ६१८५० वर (सबस्टेशनमधल्या डिजिटल संवादाचं स्टँडर्ड) असेल तर मात्र खूप काम वाचतं. एससीडी फाईलमध्ये (सबस्टेशनचं पूर्ण कॉन्फिगरेशन) कुठल्या आयईडीकडून (रिलेसारख्या डिजिटल उपकरणाकडून) कुठला सिग्नल येतो ते सगळं असतं, पॉइंट लिस्ट त्यातून काढता येते. फक्त एक अडचण, त्या फाईलमधला सबस्टेशनचा भाग, ज्यात ब्रेकर-आयसोलेटरची जोडणी असते, तो कॉन्ट्रॅक्टर बरेचदा रिकामा सोडतात कारण त्याच्याशिवायही त्यांची सिस्टम चालते. टेंडरमध्ये हा भाग भरून द्यायची अट टाकायला सांगा. आज टाकलेल्या अटीचा फायदा दीड-दोन वर्षांनी मिळतो, म्हणून आजच टाका.

तुमच्या जागी मी असतो तर पहिला महिना आत्ता सिस्टममध्ये आहे तोच डेटा एक्स्पोर्ट करून त्याच्यावर लाईनचं प्रति किमी, बसची बेरीज आणि दोन टोकांची तुलना एवढ्या तीन तपासण्या चालवल्या असत्या. काही बदलायचं नाही, फक्त यादी काढायची. त्या यादीतून साहेबांना दिसेल की प्रश्न टायपिंगचा नाही, आणि फॉर्म परत पाठवायचा अधिकार मागायला तुमच्या हातात पुरावा असेल. नावांचं टेबल त्याच महिन्यात सुरू करा. टेम्प्लेट त्यानंतर, आणि लोडिंगची स्क्रिप्ट टेम्प्लेट दोन-तीन खऱ्या स्टेशनवर टिकल्यावर.

तुमच्या सिस्टमचा बल्क इम्पोर्ट एक्सएमएल घेतो की सीएसव्ही, आणि फक्त बदल घेतो की पूर्ण स्टेशन परत मागतो, हे कळवलंत तर लोडिंगच्या भागाबद्दल नेमकं लिहिता येईल. स्टेशनची नावं आणि अॅड्रेस काढून एक रिकामा फॉर्म टाकलात तरी चालेल, कुठली कॉलम कमी करता येतील ते सांगतो.